डोंगराचे वाचन

"बोट दाखवू नकोस," दादा म्हणाला.

मी हात खाली घेतला. वय एकावन्न, कोकणातल्या शापवाणीच्या शिलालेखांवर दोन ग्रंथ नावावर, आणि तरी थोरल्या भावाच्या तीन शब्दांनी आपला हात आपोआप खाली येतो, हे पाहून मला चीड आली. चीड जुनी होती. तिला त्या दिवशी फक्त नवे निमित्त मिळाले.

"मग सांगू कसं?"

"आप्पा सांगायचे तसं. खुणेवरून खुणेवर. ने मला तिथपर्यंत."

समोर अर्ध्या मैलावर ॲरिझोनातला तो डोंगर होता. मेक्सिकोची सरहद्द तिथून दिसते म्हणतात. मला तरी एका डोंगरामागे दुसरा डोंगर एवढेच दिसत होते. वाळलेले पिवळे गवत, त्यात पेरल्यासारखे ओक आणि ज्युनिपर, फड्या निवडुंगाची बेटे, घायपातींचे उंच वाळके दांडे. मधोमध एक घळ उतरत होती. या घळीच्या दोन्ही अंगांना कूझ हरणे राहतात, असे दादा सांगत होता. आपल्या भेकरापेक्षा थोडे मोठे, राखाडी रंगाचे जनावर. उभे राहिले तर गवत, बसले तर दगड. तिथले शिकारी त्याला भूत म्हणतात. त्याच्या मागे धावून उपयोग नसतो. तिपाईवर मोठी दुर्बीण लावायची, समोरचा उतार ओळीने, डावीकडून उजवीकडे वाचत जायचा, आणि संपला की पुन्हा पहिल्या ओळीवर यायचे. शिकार म्हणजे नव्वद टक्के हेच.

हे काम मला येत होते, आणि त्याचाही मला राग आला. झिजलेला शिलालेख भर उन्हात वाचता येत नाही. सूर्य कलला, की तिरक्या प्रकाशात अक्षरांच्या कडा उभ्या राहतात. हरणाचेही तसेच. पहिल्याच दिवशी, सकाळच्या तिरक्या उन्हात, तासाभरात मला दोन माद्या सापडल्या. दादा हसला.

"तीस वर्षं दगड वाचलेस ते कुठेतरी कामाला आलं, प्रोफेसर."

"तू तीस वर्षं दगड फोडलेस. तेही आलंच असेल."

तो तांब्याच्या खाणीत इंजिनियर होता, आणि आमच्या घरात हे वाक्य निरुपद्रवी नव्हते.

आप्पा वनखात्यात रेंजर होते. आमच्या रोह्याच्या घराच्या मागच्या पायरीवरून पलीकडचा डोंगर दिसतो. संध्याकाळी आप्पा आम्हा दोघांना पायरीवर बसवत आणि खेळ लावत. एकाने डोंगरात काहीतरी शोधायचे, वानर, भेकर, मोराची मान, काहीही. मग दुसऱ्याला नुसत्या शब्दांनी तिथवर न्यायचे. बोट दाखवायचे नाही. हात हलला की जनावर सावध होते, असे ते म्हणत. आणि दुसरे कारण असे, की तुझे बोट तुझ्या डोळ्यातून सुटते, समोरच्याच्या नाही. मी त्या वेळी सहा वर्षांचा असेन, दादा चौदाचा. तो मला हमखास नेई. मी नेऊ लागलो, की वाटेतच हरवे.

दादाने वनखात्याची परीक्षा दिली आणि निवडही झाली. मग ते पत्र पायरीवर ठेवून त्याने सांगितले, की तो खाणकाम शिकायला अमेरिकेला चालला आहे. आप्पा एवढेच म्हणाले, "डोंगर फोडायला चाललास. ठीक आहे. मी बोलावल्याशिवाय या पायरीवर पाय ठेवू नकोस." आणि त्यांनी कधी बोलावले नाही.

आप्पांना जाऊन चार वर्षे झाली होती. दादा तेव्हा आला नाही, तेराव्यालाही नाही. आल्यागेल्याला मी हे आवाज न चढवता सांगत असे. आवाज चढवण्याची गरज नसते, अशा काही गोष्टी असतात. मग अचानक त्याचा फोन आला. पाच वर्षांनी चिठ्ठीत नाव निघाले आहे, डिसेंबरातला एक नर मारायचा परवाना मिळाला आहे, ये. "यंदाचं शेवटचं, पदू. मला तुझे डोळे हवेत." मी गेलो. का गेलो ते स्वतःला विचारले नाही. हिशोब समोरासमोर झालेला बरा, असे काहीसे कारण मी विमानात बसताना सोबत घेतले होते.

दादाच्या टूसॉनच्या घरून निघताना शैलावहिनीने खिमा आणि पोळ्या बांधून दिल्या आणि पिकअपची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"भावजी, गाडी तुम्हीच चालवा. ह्यांचे गुडघे दुखतात."

ज्याचे गुडघे दुखतात तो माणूस पहिल्याच पहाटे माझ्यापुढे डोंगरासमोरची ती धार बकऱ्यासारखा चढला. मी मागून, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला शोभतील अशा बुटांत, घसरत होतो. गुडघ्यांचा विषय तेव्हाच माझ्या मनात नोंदला गेला. विसंगत पाठ दिसला की तो नोंदवून ठेवायचा, अर्थ नंतर लावायचा, ही आमच्या धंद्याची सवय.

मोसम उघडायला दोन दिवस बाकी होते. हे दोन दिवस नुसत्या पाहणीचे. कोणता नर कुठे बसतो, कधी उठतो, पाण्याला कुठून जातो. रायफल गाडीतच होती.

"तीन ओक दिसतात ना घळीच्या वर? मधल्यापासून सुरू कर," दादा म्हणाला. "त्याच्या सावलीत दर वर्षी एक म्हातारा असतो."

मी पाहिले. ओक दोन होते. मधल्याच्या जागी काळा, जळका खुंट होता, आणि तो जळून दोन-तीन वर्षे तरी झाली असावीत, कारण त्याच्याभोवती हिरवे धुमारे गुडघाभर वाढले होते.

"दिसला मधला?"

"हो," मी म्हणालो आणि हेही नोंदवले.

दुपारी बाराच्या सुमारास मला नर सापडला. आधी कान हलला, मग त्या कानावर शिंगाची एक फांदी उन्हाने चकाकली. मी दादाला नेऊ लागलो.

"घळीच्या तोंडाशी पांढरा खडक. त्याच्या वर दोन घायपाती, एकीचा दांडा मोडलाय. दांड्याचं टोक जिकडे पडलंय तिकडे बघत जा, एक बुटका ज्युनिपर आहे. त्याच्या सावलीची खालची कड. तिथे बसलंय."

दादाने आपल्या दुर्बिणीला डोळे लावले होते. "दिसलं," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला. अक्षर न वाचताच वाचन जाहीर करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या आवाजात अशीच लगबग असते.

अशा वेळी आम्ही एक करतो. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासमोर खोटा पाठ ठेवतो.

"ते आता उठले आहे," मी म्हणालो. "डावीकडे, त्या पांढऱ्या खडकाच्या दिशेने चालले आहे."

दादाने दुर्बीण किंचित डावीकडे फिरवली.

"हो," तो म्हणाला. "चाललंय."

हरीण होते तिथेच बसले होते. रवंथ करत होते. मी दुर्बिणीतून त्याचा हलणारा जबडा पाहत राहिलो, आणि माझ्या आत जे थंड, स्वच्छ समाधान पसरले त्याची मला आजही नीट आठवण आहे. आप्पांची शेवटची चार वर्षे अशीच गेली होती. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग, कडेकडेचे सगळे दिसते, पण ज्याच्याकडे पाहावे तेच पुसले जाते. आता तो डाग दादाच्या डोळ्यांत उतरला होता. तो वाट चढू शकत होता. हरीण मात्र त्याला कधीच दिसणार नव्हते. आणि हे त्याने माझ्यापासून लपवले होते. मी ठरवले, की मीही लपवणार. परवा सकाळी रायफल त्याच्या हातात असेल, तेव्हा हा माणूस काय करतो ते पाहायचे. तो उघडा पडेल ती वेळ मी निवडणार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धारेमागे एका ज्युनिपरखाली जेवायला बसलो. नर त्याच जागी होता. दादाने पोळीत खिमा गुंडाळून माझ्यापुढे धरला.

"आप्पांचं शेवटी शेवटी वाचायचं कोण?"

"मीच. दुसरं कोण होतं?"

"माझी पत्रं?"

दर डिसेंबरात त्याचे एक पत्र येई. दुसरे काही नसे त्यात, हाच डोंगर असे. चार-पाच पानांत तो आप्पांना खुणेवरून खुणेवर नेत नेत एका हरणापर्यंत पोहोचवी. आप्पांची नजर होती तोवर ते कार्डावर दोन ओळी पाठवत. 'पत्र मिळाले. वारा कुठून होता ते लिहिले नाहीस.' या दोघांमधले सगळे बोलणे एवढेच होते, आणि त्या बोलण्यात मला जागा नव्हती. मी त्याच घरात होतो. मी औषधे देत होतो, मी धोतरे बदलत होतो. युरोपातल्या एका विद्यापीठाने तीन वर्षांसाठी बोलावले होते, त्यांना मी नकाराचे पत्र लिहिले होते. हरीण मात्र दादाचे होते.

"सर्व पत्रे मी त्यांना वाचून दाखवली," मी म्हणालो.

"सगळी?"

"सर्व."

दादाने पोळीचा कडेचा तुकडा तोडला आणि बराच वेळ चावला. "शेवटच्या पत्राला उत्तर आलं नाही."

"त्यांची प्रकृती बरी नव्हती."

"हो. ते तू कळवलं होतंस."

धारेपलीकडे कुठेतरी कावळा ओरडला. दादाने वाऱ्याची दिशा पाहायला चिमूटभर माती उडवली. ती आमच्याच अंगावर आली.

तिसऱ्या दिवशी मोसम उघडला. उजाडता उजाडता आम्ही आणखी खाली सरकलो आणि घळीच्या अलीकडच्या सोंडेवर, साडेतीनशे मीटरांवर बसलो. दादाने पिशवीवर रायफल टेकवली आणि तो तिच्यामागे पालथा झाला. परवान्याचा कागद त्याने खिशातून काढून सुतळीसकट दगडाखाली ठेवला. हरीण पडले की तो त्याच्या पायाला बांधायचा असतो. मी बाजूला तिपाई लावून बसलो.

साडेनऊपर्यंत काही नाही. मग घळीतून एक मादी वर आली, तिच्यामागे मान लांब करून नर आला. दोघे ज्युनिपरपाशी थांबले. नर आडवा उभा राहिला, उन्हात, स्पष्ट. इतके सोपे हरीण त्या डोंगराने कुणाला दिले असेल असे मला वाटत नाही.

"आला," मी म्हणालो. "त्याच ज्युनिपरच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर. आडवा आहे. तोंड वर, खिंडीकडे."

दादाचा गाल रायफलीला टेकला.

"दिसला," तो म्हणाला.

ही ती वेळ होती. दोन दिवस मी तिची वाट पाहिली होती. बार फुकट गेला असता तर त्याची फजिती झाली असती. आणि फुकट गेला नसता, तर जबडा फुटलेले किंवा पोट फाडलेले ते जनावर त्या घळीत चार दिवस मरत राहिले असते. मी दादाचे बोट पाहत होतो. ते घोड्यावर नव्हते, घोड्याच्या कडीवर सरळ टेकले होते, आप्पांनी शिकवल्यासारखे. मला मुळीच बोलायचे नव्हते.

"दादा, तुला दिसत नाहीये."

तो हलला नाही.

"परवासुद्धा दिसलं नव्हतं. मी खोटं सांगितलं, हरीण चालत नव्हतं. बसलं होतं."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला. गाल अजून रायफलीलाच होता. "भर दुपारी बसलेलं हरीण उठून उन्हातल्या खडकाकडे चालत जात नाही, पदू. तेही वारा पाठीशी घेऊन. डोळे गेले म्हणून एवढं विसरेन होय मी?"

"मग हो का म्हणालास?"

"तू परीक्षा घेत होतास. म्हटलं, घेऊ दे." तो म्हणाला. "शिवाय खोटं बोललास की तुझा आवाज छापील होतो. लहानपणापासून. आप्पा हसायचे त्यावर."

त्याने रायफलीचा बोल्ट मागे ओढला. आत काडतूस नव्हते. काडतुसांची पेटी पिशवीत, सील न फोडलेली, तशीच होती. तो कुशीवर वळला आणि माझ्याकडे, माझ्या तोंडाच्या थोडे बाजूला, पाहू लागला. मग मला कळले, की गेले तीन दिवस तो माझ्याकडे असाच पाहत होता. मला तो नजर चुकवतो आहे असे वाटत होते.

"काल जेवताना परत तसाच झाला तुझा आवाज," तो म्हणाला. "सर्व पत्रे. म्हणून विचारतो. कुठली ओळ गाळलीस?"

मी दुर्बिणीला डोळे लावले. नर तिथेच होता. मादीने गवतात तोंड घातले होते. दगडावरची ओळ झिजली, फुटली, चुन्याखाली गेली, तर तिथे काय असेल ते आम्ही अंदाजाने, कंसात भरतो. या ओळीसाठी कंसाची गरज नव्हती. ती मला पाठ होती. पाच वर्षे दररोज होती.

"'आप्पा, यंदा हरणाला गोळी घातली नाही,'" मी म्हणू लागलो. "'नुसता बघत बसलो. त्या दिवशी पायरीवर तुम्ही म्हणालात ते मी आजवर पाळलं. आता नको वाटतं. खाणीचं काम सोडायला मी तयार आहे. पदूकडून एका कार्डावर ये एवढंच लिहवून घ्या, मी निघतो. नाही लिहिलंत तर तुमची मर्जी नाही असं समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही. तुमचा श्रीरंग.'"

वारा पडला होता. दादाच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"अक्षर न् अक्षर," तो म्हणाला.

"हो."

"का रे?"

माझ्याजवळ चार वर्षांत रचलेले उत्तर होते, बांधेसूद, तळटीपांसह. मी नोकरी नाकारली, मी धुणी धुतली, आणि तू एका कार्डावर परत येणार होतास, एका शब्दावर सगळे माफ होणार होते. ते उत्तर मी त्या दगडावर बसून मनात एकदा पूर्ण वाचले. त्यात एकही वाक्य असत्य नव्हते. तरी ते म्हणवेना.

"तू आला असतास," मी म्हणालो. "आला असतास आणि आप्पांना पायरीवर घेऊन बसला असतास. आणि मी पुन्हा सहा वर्षांचा झालो असतो."

दादाने मारले असते तर मला बरे वाटले असते. त्याने दगडाखालचा परवान्याचा कागद काढला, सुतळी बोटाभोवती गुंडाळली आणि पुन्हा सोडवली.

"मला वाटायचं, म्हातारा हट्टी," तो म्हणाला शेवटी. "वाटायचं, ऐकलं असेल आणि तोंड फिरवलं असेल. असं गेलं ते सगळं. मी तिथे आलो नाही, कारण मला वाटलं, नको असताना जाळायला तरी कसं जायचं."

"हट्टी होतेच. पण त्यांनी तोंड नाही फिरवलं."

"तुला काय माहीत? तू वाचलंच नाहीस त्यांना."

"माहीत आहे. वाचून झालं, पत्राची घडी घातली, की ते विचारायचे."

"काय?"

"विचारायचे, 'एवढंच?'" मी म्हणालो. "चारही वर्षं. दर पत्राला. आणि त्या शेवटच्याला दोनदा विचारलं. मी म्हटलं, एवढंच. मग मला म्हणाले, पहिल्यापासून वाच. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथेच थांबलो."

दादाने डोळे मिटले. त्या डोळ्यांनी उघडे राहून फारसे काही साधत नव्हते, तरी ते मिटलेले पाहणे कठीण होते. मग त्याने कुशी बदलली, रायफल बाजूला सारली आणि हनुवटी हातांवर टेकवून डोंगराकडे तोंड केले.

"आहे का अजून तो?"

"आहे."

"ने मला."

मी त्याला नेले. घळीच्या तोंडापासून सुरुवात केली. मधला ओक आता नाही, जळका खुंट आहे, हे आधी सांगितले, आणि तो "अरे, कधी?" म्हणाला, कुणी ओळखीचे माणूस गेल्यासारखा. मग पांढरा खडक, घायपाती, मोडलेला दांडा, ज्युनिपर. नराच्या उजव्या शिंगाला चार फांद्या, डाव्याला तीन. मानेखाली केस फुगलेले. डाव्या कानाला जुनी चीर. मादी चार पावले वर गेली. तो तिच्यामागे दोन पावले गेला आणि थांबला. शेपूट खाली आहे, अजून सावध नाही. पोटाखालून मागचे गवत दिसते आहे. आता मान वळवली. आता आपल्या बाजूला पाहतो आहे.

"वारा?" दादाने विचारले.

"पडलाय."

दोघे हळूहळू चढत गेले. निवडुंगाच्या बेटापाशी मादी दिसेनाशी झाली. नर धारेवर आला, आभाळावर क्षणभर कोरल्यासारखा उभा राहिला, आणि पलीकडे उतरला. धारेवर गवत तेवढे राहिले. मी दुर्बिणीवरून डोळे काढले.

परवान्याचा तो कागद आज माझ्याजवळ आहे, कोरा, सुतळीसकट. त्या शेवटच्या पत्राच्या घडीत. दादाला जाऊन दोन वर्षे झाली. त्या शिकारीनंतरच्या जानेवारीत तो रोह्याला येऊन त्या पायरीवर बसला होता, आणि पुढेही तीनदा आला. पण आठवते ते हे, की सोंडेवर ऊन चढत होते, हरीण गेले होते, मी गप्प झालो होतो, आणि दादा डोंगराकडे तोंड करून तसाच पालथा पडला होता.

"एवढंच?" त्याने विचारले.

मी पुन्हा दुर्बिणीला डोळे लावले.

"नाही," मी म्हणालो. "अजून आहे. घळीच्या तोंडाशी ये. पांढऱ्या खडकापाशी."